दस्तगीरचाचांची चुन्याची डबी

झाडं कापून पोट भरणाऱ्या माणसाला झाडांची स्वप्नं पडतात, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण दस्तगीरचाचांना पडायची. आणि ती ते आमच्या दुकानाच्या काउंटरवर कोपर टेकून, कालच्या बाजाराची हकिगत सांगावी इतक्या सहज सांगायचे.

"काल सपनात सावर आली हुती, सूनबाई."

"काय म्हणाली?"

"काय न्हाई. नुसती हुबी हुती."

मेढ्याच्या पेठेत आमचं शेती औजारांचं दुकान आहे. पाण्याच्या मोटारी, पाइप, फवारणीचे पंप आणि झाड कापायची पेट्रोलवरची मशीनं. या मशीनला आमच्याकडे सगळे कटर म्हणतात. नवरा माल आणायला साताऱ्याला, सांगलीला फिरतो आणि दुकान मी बघते. चाचा आमच्याच वाडीचे, माझ्या सासऱ्यांचे दोस्त, म्हणून मी त्यांची सूनबाई. जावळीत पाऊस लागला आणि कुठे रस्त्यावर झाड आडवं झालं, कुणाच्या कौलांवर फांदी आली, की फोन चाचांना जायचा.

माणूस उंच, किडकिडीत. दाढीला मेंदी, डोळे कायम अर्धे मिटलेले. चालायचे तर असे, की आत्ताच कुणीतरी झोपेतून उठवून रस्त्याला लावलंय. लग्न होऊन नवीन आले तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं होतं, "या माणसाच्या हातात मशीन देता तरी कसं? हे एखाद दिवस स्वतःचाच पाय कापून घेतील." नवरा हसला. म्हणाला, "एकदा काम करताना बघ."

मी बघितलं. कटर त्यांच्याकडे बायकोच्या जुन्या हिरव्या इरकलीत गुंडाळलेलं असायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुकानासमोरच्या ओट्यावर ऊन आलं की ते इरकल पसरायचे, त्यावर मशीन ठेवायचे आणि गोल कानस घेऊन साखळीच्या दातांना धार लावायला बसायचे. कानस एकाच दिशेनं, आतून बाहेर. दर दाताला तेवढेच हात. एका बाजूचे दात जास्त झिजले की मशीन लाकडात वाकडं शिरतं, असं ते सांगायचे. मग साखळी मशीनच्या पुढच्या लांब पट्टीवर चढवून ताणायचे. हातमोजा घालून ओढली तर ती सरकली पाहिजे, सोडली तर खाली लोंबता कामा नये. हे बघताना त्यांचे डोळे चक्क मिटलेले असत. काम संपलं की गरम साखळी आठवणीनं सैल करत. "थंड झाली की आवळती ती, पट्टी खाती," म्हणत. हे सगळं इतक्या संथपणे चालायचं की समोर बसून माझेही डोळे मिटायला लागायचे, आणि गिऱ्हाईक मला हलवून जागं करायचं.

कुणी मशीन हातात लोंबकळत धरून दोरीचा झटका दिला, तर मात्र चाचांना बघवत नसे. ते उठून जायचे आणि त्याच्या हातातून मशीन काढून घ्यायचे. मग खाली ठेवून, मागच्या मुठीत पाय घालून, पुढची मूठ दाबून चालू करून दाखवायचे. पेट्रोल सांडलं त्या जागेवर मशीन चालू करायचं नाही, आधी चार पावलं लांब जायचं. गरम मशीनमध्ये तेल ओतायचं नाही. पट्टीचं टोक लाकडाला लावायचं नाही, कारण टोक लागलं की मशीन उलटं तोंडावर येतं. आणि अंगठा. नव्या माणसाचा अंगठा हातात घेऊन ते पुढच्या मुठीभोवती नीट वळवून द्यायचे. "ह्यो हितं पायजे. ह्यो सुटला की तुमी सुटला."

आमच्या वाडीचे संपतराव फौजेतून निवृत्त होऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी कटर घेतलं. फौजेत याहून मोठी हत्यारं चालवलीत, मला कुणी शिकवायचं नाही, हे त्यांनी मशीन बघायच्या आधीच सांगून टाकलं. आठवड्यात तक्रार आली की साखळीतून धूर येतो. साखळीचं तेल वेगळं घालायचं असतं, हे त्यांनी ऐकलंच नव्हतं. मी सांगितलं. घरी जाऊन त्यांनी जे तेल हाताला लागलं ते ओतलं. दुसऱ्या दिवशी त्यांची बायकोच दुकानात हजर. "आवं, घरात भाजीला त्याल न्हाई आन् आमच्यात फणसाची भजी तळायचं चाललंय!" चाचा ओट्यावर होते. डोळ्यांतून पाणी येईतो हसले. मग उठले, इरकल बांधली आणि न बोलावता संपतरावांच्या घरी गेले. संध्याकाळी दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून परत आले. काय शिकवलं ते कळलं नाही, पण नंतर संपतराव आमच्या दुकानात आलेल्या प्रत्येकाचा अंगठा तपासायला लागले. गिऱ्हाईक पळवून लावलं मेल्यांनी.

स्वप्नांचा त्यांचा एक नियमच होता. आज जे झाड कापायचं ते काल स्वप्नात आलं असेल, तर आज हात लावायचा नाही. एकदा महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्यानं सिल्व्हर ओक पाडायला बोलावलं होतं. चाचा जीपनं वर गेले, झाडाखाली जाऊन उभे राहिले, वर बघितलं आणि म्हणाले, "उद्या." मॅनेजर तापला. पाहुणे यायचेत, माणसं थांबलीत, असलं काय काय बोलला. चाचांनी शांतपणे सांगितलं की हे झाड रात्री येऊन गेलंय. मॅनेजरनं मला फोन केला, कारण नंबर मीच दिला होता. मी चाचांवर उखडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सूनबाई, ज्याचं सपान पडलं त्याचीच दिवसभर आठवण ऱ्हाती. हात मशीनवर आन् ध्यान तिसरीकडं. आसल्या ध्यानात झाड पाडू नये." दुसऱ्या दिवशी त्यांनी ते झाड दोन हॉटेलांच्या मधल्या बोळात, एक काच न फोडता आडवं केलं.

झाड पडलं, मशीन बंद झालं, की ते आवाज अडवायला कानांवर घातलेले मफ काढून तिथंच खाली बसायचे. "कान परत येऊ द्या," म्हणायचे. मी एकदा शेजारी बसले होते. आधी काहीच ऐकू येत नाही. मग लांबून ओढ्याचं पाणी येतं, मग एखादा बुलबुल, मग गावातली कोंबडी, मग आपला स्वतःचा श्वास. धुकं झाडांतून खाली उतरत असतं, भुशाचा ओला गोड वास येत असतो आणि बाजूला तो उंच माणूस डोळे मिटून एकेका आवाजाला आत घेत असतो. तेवढा वेळ मला दुकान, हिशेब, सासर, माहेर काही आठवलं नाही.

आता डबीचं सांगते.

आपल्याकडे झाडांत लोखंड फार. कुणाची दृष्ट काढून खिळा ठोकतात, कुणी नवसाचा, कुणी करणीचा, कुणी भूत खिळवून ठेवायला. झाड त्यावर साल धरतं, खिळा आत जातो, वरून काही दिसत नाही. त्यावर फिरती साखळी बसली की ती तुटते, नाहीतर मशीन उसळून मागं येतं. चाचांचे थोरले भाऊ बाबूभाई विट्याकडच्या एका गावात आंबा कापत होते. आंब्यात खिळा होता. साखळी तुटून दंडात शिरली. मिरजेच्या दवाखान्यात नेलं, जीव वाचला, पण उजवा हात कायमचा गेला. चाचा भावाच्या उशाशी बसून होते. तिसऱ्या दिवशी त्या गावातली एक बाई बिस्किटाचा पुडा घेऊन आली. नात्याची नाही, ओळखीची नाही. खाटेची दांडी धरून उभी राहिली, रडली आणि एक शब्द न बोलता गेली.

"खिळा तिचाच हुता," चाचा मला म्हणाले. "तिला सांगायचं हुतं, सूनबाई. आदी बी सांगायचं आसंल. पर तोंड हालंना तिचं. ती गेली तवा दांडीवर चुन्याचं बोट उमटल्यालं. पान खात आसंल. म्या त्या बोटाकडं लय येळ बघत बसलो. म्हटलं, तोंडाबिगर सांगायची कायतरी सोय पायजे मानसाला."

तेव्हापासून जुनं झाड कापायच्या आधी ते आसपासच्या प्रत्येक दारात जायचे. "झाडात लोखंड हाय का?" विचारायचे. सगळे नाही म्हणायचे, आणि त्यांनाही ते ठाऊकच असायचं. मग झाडाच्या बुंध्याशी चुन्याची डबी उघडी ठेवून ते जेवायला निघून जायचे. जाताना सांगायचे, "दारं लावून घ्या. कोन कुनाकडं बगू नका. ज्यानं जितं खिळा मारलाय त्यानं तितं चुन्याचं बोट लावायचं आन् घरी जायचं." परत आले की झाडावर पांढरी बोटं असायची. ती कुणाची, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि दुसऱ्या कुणाला विचारू दिलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमच्या वाडीतली चिंच फाटली. ऐन अंगणवाडीवर कलली. पोरं देवळात बसवली आणि चाचांना सांगितलं. ते दारोदार फिरले, सगळ्यांनी कानावर हात ठेवले, डबी बुंध्याशी ठेवून ते गेले. भर दुपारी सगळ्या वाडीनं दारं लावली. आम्हीही लावली. बाहेर धुकं, आत अंधार. थोड्या वेळानं चपलांचे आवाज यायला लागले. एक गेलं, एक आलं. कुणाची तरी बांगडी वाजली. माझ्या सासूबाई भिंतीला टेकून वाल सोलत होत्या. त्या उठल्या नाहीत. पण टोपलीतल्या शेंगा संपल्या तरी त्या रिकामी टरफलंच सोलत राहिल्या, हे मी बघितलं.

त्यांची गोष्ट मला त्याच दिवशी, पण जरा नंतर कळली, तरी इथंच सांगते. सासूबाईंची पहिली मुलं जगली नाहीत. माझा नवरा पोटात असताना एका देवऋषानं त्यांना सांगितलं, की पोर झालं की त्याच्या अंगावरचं काळं फडकं चिंचेच्या मुळाशी बसून खिळ्यानं ठोक. पोर टिकेल. पण ज्या दिवशी खिळा निघेल, किंवा तू कुणाला सांगशील, त्या दिवशी त्याचं बंधन सुटलं. पोर टिकलं. चाळिशी ओलांडून त्याचं पोट सुटलं, तरी सासूबाईंनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, सासऱ्यांनासुद्धा नाही. मला असल्या गोष्टी पटत नाहीत, तेव्हा पटत नव्हत्या आणि आजही पटत नाहीत. पण त्यांच्यासाठी त्या दुपारी एका बाजूला पोटचा मुलगा होता आणि दुसऱ्या बाजूला दस्तगीर.

चाचा परत आले तेव्हा चिंचेवर बोटंच बोटं होती. वाडीतल्या शहाण्यासुरत्या माणसांची मला नव्यानं ओळख झाली. संपतराव तर आभाळाकडे बघत शीळ घालत होते. सगळी बोटं छातीच्या, खांद्याच्या उंचीवर होती. झाड वर वाढतं, पण खिळा मारला त्याच उंचीवर राहतो. म्हणून चाचांनी खालचं खोड कुऱ्हाडीच्या दांड्यानं ठोकून बघितलं, मागं पळायची तिरकी वाट साफ केली, लोकांना लांब उभं केलं, दोर ताणायला लावले. मशीन चालू असताना हाक ऐकू येत नाही म्हणून त्यांना दिसेल अशा जागी एक माणूस लाल टॉवेल घेऊन उभा असायचा. त्या दिवशी तो माझा नवरा होता. चाचांनी मशीन चालू केलं आणि गुडघा टेकून ते बुंध्याशी बसले.

तेवढ्यात सासूबाई घरातून निघाल्या. डोक्यावर पदर, पायात काही नाही, सरळ चिंचेकडे. लोक ओरडले. नवऱ्यानं टॉवेल हलवला. चाचांनी ब्रेक लावला, मशीन बंद केलं, मफ काढले आणि वळून बघितलं. सासूबाई त्यांच्या शेजारी वाकल्या आणि पट्टी जिथं लागणार होती तिथं तळहात ठेवला.

"हितं हाय दस्तगीर. माझा हाय."

"आक्का, बोललासा कशाला? चुना हुता की."

"चुना लावला काय आन् बोलले काय, सांगितलं त्ये सांगितलंच न्हवं का? दुपारधरनं ठरवीत हुते, नगं सांगाय. तुझं मशीन वाजलं आन् पाय ऱ्हाईना घरात." मग त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं, आणि तसं कुणाकडे बघितलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. "बाळूसाठी मारल्याला हाय त्यो. त्याचा जीव हाय त्येच्यात. पर तुजा हात जाईल रं."

तिथंच, सगळ्या वाडीसमोर, त्यांनी देवऋषाचं सगळं सांगितलं. नवरा टॉवेल हातात धरून तसाच उभा. संपतरावांची शीळ थांबली होती.

चाचा डोळे मिटून बसले. पाऊस बारीक पडत होता. मग ते उठले आणि खोडावरून हात फिरवत त्यांनी उंची बघितली.

"खिळा निघायचा न्हाई, आक्का. तुमचा खाली, गावाचं वर. मधी कंबरंपशी मोकळं हाय, तितनं कापतो. ह्यो खुंट हाय आसा ऱ्हाईल." आणि मग जरा थांबून, "सांगितलं म्हणून कायबी हुत न्हाई. ह्ये झाडानं ऐकलंय आन् मी ऐकलंय. दोगं बी कुनाला बोलणारं न्हाई."

वाडीतल्या सगळ्यांनी ऐकलेलं होतं, हा भाग वेगळा.

पुढच्या बाजूनं खाच, मागून काप, मध्ये त्यांच्या भाषेतली बिजागरी, म्हणजे लाकडाचा न कापलेला थर, राखलेली. पाचर ठोकली तशी चिंच आधी हलली नाही, मग हळूच करकरली आणि मोकळ्या जागेत पडली. अंगणवाडीच्या एका कौलाला धक्का लागला नाही. चाचा मशीन ठेवून खाली बसले, कान परत यायची वाट बघत. सासूबाई त्यांच्या शेजारी त्याच ओल्या भुशात बसल्या. वरची बोटं लागलेली लाकडं आठवडाभर पडून होती. जळणाला एरवी भांडणारी वाडी, पण त्यांतली ढलपी कुणी चुलीपर्यंत नेली नाही.

नवऱ्यानं नंतर चेष्टा केली, "आईनं मला खिळ्याला टांगून ठेवलंय," म्हणून. सासूबाई हसल्या नाहीत.

गेल्या वर्षी नवरा माल आणायला सांगलीला गेला असताना त्याच्या छातीत दुखायला लागलं. सोबतच्यांनी मिरजेला नेलं. मी पोचले तेव्हा काचेपलीकडे नळ्या लावलेला नवरा दिसत होता. घरी फोन केला तर सासूबाई एवढंच म्हणत होत्या, "मी बोलले गं. मी बोलले." मी त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, नस, चरबी, विड्या. त्यांच्या कानात काही गेलं नाही. मला त्यांचा राग आला आणि राग येता येता रडू आलं.

तोवर चाचांनी मशीन सोडलं होतं. वर्षानुवर्षं त्या थरथरीत राहून त्यांची बोटं बधिर व्हायची, थंडीत पांढरी पडायची. तासगावच्या लेकीकडे कायमचं जायचं ठरलं होतं. आमचं कळल्यावर त्यांनी जाणं लांबवलं. पुढं ते गेले आणि तिथंच वारले. मातीला आम्हाला पोचता आलं नाही, याची टोचणी नवऱ्याला अजून आहे. मला मात्र त्यांचं ते जाणं आठवत नाही. मला आठवते ती आम्ही मिरजेहून परत आलो ती सकाळ.

जीप वाडीत शिरली तेव्हा धुकं इतकं होतं की ड्रायव्हरनं दिवे लावले होते. चिंचेच्या खुंटाशी कुणीतरी बसलेलं दिसलं. चाचा होते. अंगावर घोंगडी, डोळे मिटलेले, आणि एक हात खुंटाच्या बुडाशी, मुळाजवळ, सासूबाईंनी दाखवलेल्या जागेवर. सासूबाई पायरीवर उभ्या होत्या. नंतर त्यांनीच सांगितलं, की आम्ही मिरजेला होतो तोवर चाचा रोज सकाळी येऊन तिथं बसायचे, बोटांना काही कळत नसलं तरी चाचपायचे, आणि तिथूनच त्यांना ओरडून सांगायचे, "आक्का, हाय जागच्या जागी."

मी उतरले. चाचांनी डोळे उघडले, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

"काय करताय चाचा हितं थंडीत?" मी विचारलं.

"वाळवी बगतोय," ते म्हणाले.

जीपचं मागचं दार उघडलं. नवऱ्यानं एक पाय खाली ठेवला, मग दुसरा, आणि दाराला धरून तो उभा राहिला. चाचा त्याच्याकडे बघत राहिले. तो आपल्या पायांनी चालत पायरीपर्यंत गेला, सासूबाईंनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि मग चाचांनी खुंटावरचा हात काढला.